दिवाकरचे शेवटचे शब्द

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. सांगायचं मनात आलं की आधी चीड येते — आम्हा कलावंत मंडळींची. आणि मग, अर्थातच, माझी.

मरण हा आमचा भारी लाडका विषय. मी कवी. आयुष्यभर मरणावर लिहिलं आणि नागपुरात त्यावर माझं बरं चाललं. चहाच्या टपरीवरसुद्धा आम्ही मृत्यूबद्दल अशा सलगीनं बोलतो, जसा काही तो मागच्या गल्लीत राहतो. पण आमच्यातल्या एखाद्यापुढे डॉक्टरांनी खरंच हात टेकले की बघा! कुणाचा रामटेकला कार्यक्रम निघतो, कुणाची कंबर धरते. शोकसभेत मात्र प्रत्येकाजवळ एक 'शेवटची भेट' हवीच. नसेल तर तुम्ही कसले जवळचे?

दिवाकर चित्रकार होता, माझा तीस वर्षांचा मित्र. कावळे रंगवायचा. लोक त्यात मृत्यू शोधायचे, मीही त्यावर लेख लिहिला. त्याला कावळे नुसते आवडायचे हो!

तो आजारी पडला. तो नंदनवन वस्तीत, मी प्रताप नगरात — अर्ध्या तासाचा रस्ता. चार महिन्यांत मी किती वेळा गेलो असेन? एकदा. तेही सुरुवातीला, तो अजून थट्टा करत होता तेव्हा. नंतर ऊन फार आहे, गाडी दुरुस्तीला टाकली आहे... काय काय सांगितलं मी!

एका दुपारी व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचा रेकॉर्ड केलेला आवाज आला. "मले लय भेव वाटून राहिलं गा. शोभा औषध आणाले गेली. तू ये न. बोलू नको काही, नुसता बसजो."

मी ऐकलं. दोनदा ऐकलं. आणि मग — सांगू? मरणावरचीच एक कविता अर्धी राहिली होती, ती पुरी करायला बसलो. मला त्याच्याकडे बघायची भीती वाटत होती, बस. तिसऱ्या दिवशी तो गेला.

शोकसभेत माझं नाव पुकारलं. पहिल्या रांगेत शोभा, त्याची बायको. माझ्याजवळ शेवटची भेट नव्हती, म्हणून मी त्याचा एक फोन मनानंच रचला. म्हणालो, जायच्या आदल्या दिवशीच दिवाकर फोनवर बोलला माझ्याशी, अगदी शांत होता. म्हणाला, कॅनव्हास भरला, आता ब्रश धुऊन ठेवतो. मागे कुणीतरी हुंदका दिला. आणि मला — हे लिहिताना लाज वाटते — मला बरं वाटलं. पुढे ते वाक्य स्मरणिकेत छापलं गेलं. त्याच्या फोटोखालीही लागलं.

पंधरा दिवसांनी शोभावहिनींनी मला विचारलं, "भाऊजी, माह्याजवळ तं ते रोज रडत होते. हात सोडत नव्हते. अन् तुमच्याजवळ असे बोलले... माह्याच सोबतीत काही कमी होतं का जी?"

त्याचा आवाज तेव्हा माझ्या खिशातल्या फोनमध्ये होता. ऐकवला असता तर वहिनींच्या मनातली शंका तिथेच मिटली असती. मी काय केलं? माणूस प्रत्येकाजवळ वेगळा असतो, असं काहीतरी गोलगोल बोललो. घरी आलो आणि तो आवाज पुसून टाकला.

आता वहिनी त्याच्या रडण्याबद्दल बोलत नाहीत. मागच्या महिन्यात चित्रकलेच्या दोन मुली त्याचे कावळे बघायला आल्या, तेव्हा मी तिथेच बसलो होतो. वहिनी त्यांना सांगत होत्या, शेवटपर्यंत शांत होते, कशाचं भेव नव्हतं त्यायले. चार महिने ज्या बाईनं त्याचा हात धरला, ती माझं खोटं आपलं म्हणून सांगत होती. सांगता सांगता त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बरोबर आहे ना, अशा नजरेनं.

मी मान डोलावली.