मामांच्या हातात पाय

आमच्या शेजारच्या खोलीतल्या मामांइतका भित्रा माणूस अख्ख्या पिंपरी-चिंचवडात झाला नसेल, आणि लोकांना त्यांच्याइतकी धडकी भरवणाराही! मामा मूळचे मावळातले. पाल, वीज, डॉक्टर, फोरमन, घरी आलेली तार, सगळ्यांना घाबरायचे. पण कुणी नुसतं "डोकं दुखतंय" म्हटलं की मामांचा वाघ व्हायचा. "डोकं वर आसतं, पर त्येची चावी खाली आसती," म्हणत समोरच्याचा पाय ओढून मांडीवर घ्यायचे. पायाचा अंगठा म्हणजे डोकं, अंगठ्याचं मूळ म्हणजे मान. ही विद्या कुठून आणली देव जाणे! असं दाबायचे की डोकेदुखी राहायची बाजूला, माणूस आईला हाका मारायचा. त्यात वडीलधाऱ्यानं आपले पाय धरलेले, पाप लागणार म्हणून आम्ही आधीच अर्धमेले. दाबून झालं की त्यांच्या पाया पडायचं आणि लंगडत घरी जायचं. एका लग्नात नवरदेवाची मान अवघडलेली दिसली, तर मामांनी भर मांडवात त्याचे पाय धरले. लोकांना वाटलं पाय धुवायचा विधी सुरू झाला. कुणीतरी ताम्हण आणि तांब्या आणून ठेवला. मुलीचा बाप धावत आला, तर मामा म्हणाले, "थांबा वाईच, मान सुटू द्या."

आता हसतोय, पण माझी मान धरली त्या सकाळी माझी गाळण उडाली होती. मी वर्कशॉपात प्रेसवर होतो, टेंपररी. पत्रा ठेवायचा, हात काढायचा, पायानं पेडल दाबायचं, की वरचा दट्ट्या धाडकन खाली. मान वाकवून नीट बघता आलं नाही तर बोटं गेलीच. आणि खाडा करावा तर नोकरी जाणार; पर्मनंट व्हायला आठवडाच उरला होता. मामाही पूर्वी त्याच प्रेसवर होते. शेजारच्या मशीनवरच्या कामगाराची बोटं त्यांच्या डोळ्यांदेखत गेली, तेव्हापासून स्टोअरमध्ये बसायचे, प्रेसकडे फिरकायचेसुद्धा नाहीत. त्यांनी माझा अंगठा अर्धा तास दाबला, मी बोंबललो, मान जेमतेम निम्मी सुटली.

"आज नगं जाऊ, लेका."

"मामा, नोकरी जाईल."

"व्हय. आन् बोटं?"

मला रडूच फुटलं. तसाच गेलो.

मशीन सुरू करतोय तोच शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिलं. मान वळेना, म्हणून अख्खा वळलो, तर मामा! चेहरा पांढराफटक. फोरमन ओरडला, "स्टोअर सोडून इथं काय?" ज्याच्यापुढे त्यांची बोबडी वळायची त्याला मामा म्हणाले, "पोराची मान धरलीया. मी न्हाई हलायचा." मग पाळी संपेपर्यंत मी पत्रा ठेवला की म्हणायचे, "हात भायेर." मी हात वर करून दाखवायचो, मगच पेडल. शेकडो वेळा तेच. दर ठोक्याला मामा दचकायचे, पण नजर काढली नाही.

पाळी सुटल्यावर गेटबाहेर जाऊन ते मटकन खाली बसले आणि लटलट कापत राहिले. किती तरी वेळ मी त्यांना नुसता धरून बसलो होतो.

पुढे पर्मनंट झालो, त्याच प्रेसवर वर्षं काढली. माझी दहाही बोटं शाबूत आहेत. गेल्या साली मामांच्या तोंडात शेवटचं पाणी घातलं, ते याच हातांनी.