दोरा तोडायचा दात

गेल्या मंगळवारी आईला घेऊन कॉलेज रोडला दातांच्या डॉक्टरांकडे गेले होते. आई खुर्चीत, मी दाराजवळ उभी... बसवतच नव्हतं. एरवीही मला एका जागी बसवत नाही, पण त्या दिवशी जरा जास्तच.

आईने रिक्षातच बजावलं होतं, "हे दात तोंडाला शोभले नाय, तर मी काय परत दुकानावर बसायची नाय."

पंचवटीत आमचं फुलांचं छोटं दुकान आहे. मखमलाबादच्या मळ्यातून फुलं येतात, गजरे आई ओवते. शुगरमुळे तिच्या हिरड्या गेल्या, मागोमाग वरचे सगळे दात... आणि आई तोंडाला पदर लावून घरात बसली. दुकानावर आता पप्पा बसतात.

दात गेल्यावर चेहरा इतका बदलेल असं वाटलं नव्हतं. ओठ आत गेला, गाल बसले, नाक आणि हनुवटी जवळ आल्यासारखी झाली. डॉक्टर म्हणाल्या, दात आहे तोवर जबड्याचं हाड टिकतं, दात गेला की ते झिजायला लागतं. पन्नाशीची आई सत्तरीची दिसायला लागली.

ब्रिज लावायचा तर त्याला धरायला शेजारी दात हवेत. ते नव्हतेच. इम्प्लांट म्हणजे हाडात स्क्रू घालून त्यावर दात, हे ऐकून आई उठलीच. "स्क्रू? मी काय मळ्यावरची मोटर हाय का?" शुगर बघता डॉक्टरांनीही आग्रह केला नाही. राहिली कवळी.

मंगळवारी तिची ट्रायल होती. कवळी पक्की करायच्या आधी मेणात दात लावून बघतात. डॉक्टरांनी ती आईच्या तोंडात बसवली, हातात आरसा दिला. ओठ जागेवर आला, गाल भरले... मी हुश्श केलं.

आई आरशात बघत राहिली. "ही कोन म्हनायची बाई?"

खरंच होतं. सगळे दात एका रांगेत, टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईसारखे.

डॉक्टर म्हणाल्या, "मावशी, हसतानाचा जुना फोटो आहे का? त्यावरून लावून बघू."

फोटो! आमच्याकडे फोटोत हसायची पद्धतच नव्हती. लग्नात आईचं तोंड मिटलेलं, माझ्या बारशात पदराआड. अख्ख्या अल्बममध्ये तिचा एक दात सापडणार नाही...

मी येरझाऱ्या घालत होते, नखं खात होते. आईने एकदम माझ्याकडे बोट केलं.

"हिचा बघा की. पुढच्या दोन दातांशेजारचा, तिरपा. अस्साच होता माझा. त्याच्यातच दोरा अडकवून तोडायची मी."

दोरा... गजरा पुरा झाला की आई गाठ मारायची, दोरा तोंडाकडे न्यायची आणि कट्. कात्री आमच्या घरात दात गेल्यावर आली.

तो तिरपा दात मला कधीच आवडला नाही. फोटोत मीही ओठ मिटूनच असते. पुढच्या महिन्यात तार लावून तो सरळ करायचा, हे याच डॉक्टरांशी ठरलं होतं.

"ये, बस," डॉक्टर मला म्हणाल्या. "आ कर."

माझ्या दातांचं माप घ्यायला गुलाबी लगदा भरलेला साचा तोंडात बसला. बोलता येईना, हलता येईना. आई शेजारी उभी राहून दम देत होती, "हलू नको गं, माझा दात बिघडंल!"

काल कवळी मिळाली. आईने आरसा धरला, मान इकडून तिकडे फिरवली, हसली. पदर खांद्यावरच राहिला. "हां... आता आले मी."

आज सकाळी ती ओवायला बसली. गाठ मारली आणि सवयीने दोरा तोंडाकडे नेला. मी ओरडले, "आई! डॉक्टर काय म्हणाल्या?" कवळीने दोरा तोडायचा नाही, ती निसटते.

आईचा हात थांबला. मग तिने दोरा माझ्यापुढे धरला. "मग तू तोड."

कट्.

सायबर कॅफेत बसून हे टाइप करतेय. येतानाच फोन करून तार लावायची अपॉइंटमेंट रद्द केली. उद्यापासून आई दुकानावर बसणार, थोडा वेळ मीही बसेन म्हणते... दोरा तोडायला कोणीतरी हवं ना.