माहीमच्या नाल्याची बरणी

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत आमचं कॉलेज बेमुदत बंद झालं आणि माहीमच्या नाल्याचं पाणी लालबागला आमच्या चाळीत राहायला आलं. आणलं मीच.

मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करत होते. नाल्याच्या पाण्यात डोळ्यांना सुटं दिसतही नाही असं बारीक हिरवं शेवाळ वाढवायचं आणि त्याने ते पाणी साफ होतं हे दाखवायचं, एवढंच माझं संशोधन. शेजारच्या काकूंना मी वर्षभर हेच ऐकवत होते. काकू मालवणकडच्या, एकुलता एक मुलगा गिरणीत. तांदूळ निवडता निवडता म्हणायच्या, "गटार साफ करूक शिकतंस? त्येका कॉलेज कित्याक व्हया?" माझं डोकं फिरायचं. मग मी आणखी तावातावाने पटवायला बसायची.

शेवाळाला ऊन लागतं, अधूनमधून हलवावंही लागतं. कुलूपबंद प्रयोगशाळेत ते मेलंच असतं, म्हणून सरांनी काचेची मोठी बरणी माझ्या हवाली केली. संध्याकाळी ती आणून मी गॅलरीत काकूंच्या पिंपाशेजारी ठेवली, पण आत काय आहे ते कुणाला सांगायचं राहूनच गेलं. सकाळी वाण्याकडे गेले आणि नेमकी तेव्हाच नाक्यावर धुमश्चक्री उडाली. आधी दगड, मग लाठ्या, मग अश्रुधूर. वाण्याने फळ्या लावून आम्हाला आत कोंडून घेतलं.

शांत झाल्यावर घरी आले तर गॅलरीभर पोरं डोळे चोळत बसलेली. अशा दिवशी प्रत्येक बिऱ्हाड दाराबाहेर पाणी भरून ठेवायचं, धुरातून पळत येईल त्याने डोळे धुवायचे. मी बरणीकडे पाहिलं. हिरवं पाणी नितळ झालं होतं. तळाला हिरवा गाळ बसला होता, आणि बरणी अर्धी रिकामी होती.

"काकू, हे काय केलंत?" मी किंचाळलेच.

"पाणी हिरवा झाला होता गो. तुरटी फिरवलंय."

नळाला गढूळ पाणी आलं की त्यात तुरटीचा खडा फिरवायचा, ही अख्ख्या चाळीची रीत. त्या खड्याने माझं वर्षभराचं काम तळाशी बसवलं होतं. मला रडावं की ओरडावं कळेना. एवढ्यात मनात आलं, वरचं अर्धं पाणी गेलं कुठे?

काकूंनी भिंतीला टेकून बसलेल्या आपल्या मुलाकडे बोट केलं. त्याचे डोळे सुजून लालभडक झाले होते. "बाकीच्यांका पिंपातला दिलंय," त्या म्हणाल्या, "ह्येका तुझा नितळ पाणी."

आपल्या लेकासाठी त्यांनी चांगलं पाणी निवडून घेतलं होतं. मी धावत जाऊन आमचं उकळून गार केलेलं पाणी आणलं आणि त्याचे डोळे पुन्हा पुन्हा धुतले. तो बापडा "पुरे गो, पुरे" म्हणत होता. त्याचे डोळे पुढे निवळले, बाकीच्या पोरांबरोबरच. पण त्या दुपारी ते कुणाला ठाऊक? मी घटकेघटकेला त्याच्या पापण्या उघडून बघत होते.

शेवटी काकूंनी माझा हात धरला. "काय झाला? खयचा पाणी होता ता?"

"माहीमच्या नाल्याचं," मी म्हटलं आणि मला हुंदका फुटला.

काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. मुलाकडे पाहिलं, बरणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वरीसभर सांगत होतंस मां, ता पाणी साफ होता म्हणान?" त्या म्हणाल्या. "मगे रडतंस कित्याक?"