पांढऱ्या इंजिनाची बाजू

वेसाव्याच्या खाडीतली ती सकाळ मी आजवर असंख्य वेळा सांगितली आहे, आणि दर वेळी अर्धीच. उरलेली अर्धी सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. गेल्या महिन्यात मुलुंडहून स्वातीचा फोन आला, "काका, बाबा गेले," आणि रिसीव्हर हातात असतानाच मला आठवली ती ही उरलेली अर्धी. शोकसभेत स्वातीनं आग्रह केला की इंजिनाची गोष्ट सांगा, बाबांना फार आवडायची. मी उभा राहिलो... आणि पुन्हा तीच अर्धी सांगून बसलो. लोक खळखळून हसले. मुकुंद वायंगणकरच्या शोकसभेत लोक हसले यात गैर काही नाही, त्यालाही तेच आवडलं असतं. पण त्याच्या फोटोकडे बघायचं मी टाळलं.

ऐंशीच्या दशकात मुकुंद आणि मी लहान होड्यांच्या मागच्या फळीवर अडकवायची इंजिनं विकत होतो. दोन कंपन्या, एकमेकींच्या कट्टर वैरी. नावं देत नाही, कोळीवाड्यात ती कुणी घेतही नसे. माझ्या इंजिनाची टोपी निळी, त्याच्याची पांढरी, म्हणून मी 'निळा' आणि तो 'पांढरा'. मी राहायचो बोरिवलीला, तो अंधेरीत. माझ्याकडे वाहन नव्हतं, त्यामुळे वैऱ्याच्याच स्कूटरवर मागं बसून मी गोराई, मनोरी, मढ, वेसावे पालथं घालत असे. कंपनीला हे कळलं असतं तर दोघांचीही वाट लागली असती. गावाच्या वेशीवर तो मला उतरवायचा, "तू आधी जा, मी दहा मिनिटांनी येऊन तुझी पोल खोलतो," म्हणायचा, आणि खरोखर येऊन खोलायचा. संध्याकाळी सात बंगल्याच्या टपरीवर आम्ही एक कटिंग वाटून पीत असू आणि दिवसभर एकमेकांना दिलेल्या शिव्यांतली कुठली सरस होती ते ठरवत असू.

भांडणाचा मुद्दा मात्र खरा होता. माझं निळं इंजिन वरचेवर कुरकुरायचं. पेट्रोलवर चालू करून रॉकेलवर टाकलं की खोकायचं, पंखा कशावर आपटला की त्याची पिन तुटायची. पण पान्हा, पक्कड आणि एखादा खिळा असला की कुणीही ते भर पाण्यात चालू करू शके. मुकुंदाचं पांढरं महिनोन्‌महिने बंद पडत नसे. पण एकदा पडलं, की त्याच्या पोटात हात घालायला कंपनीचाच माणूस, कंपनीचीच हत्यारं आणि परदेशातून येणारा भाग लागायचा. मुकुंद म्हणायचा, "मेल्या, तुझं इंजिन म्हणजे नवी नवरी. रोज रुसतं, रोज समजूत काढा." मी म्हणायचो, तुझं रुसलं की थेट माहेरी जातं, ते सहा महिने येत नाही. कोळणी टोपल्या खाली ठेवून हे ऐकायच्या आणि ज्याची शिवी जास्त रंगेल त्याच्या हातावर बोंबील ठेवायच्या. बहुतेक वेळा ते मुकुंदाच्याच पिशवीत जात.

दोन्ही इंजिनांत एक गोष्ट सारखी होती. थंड राहायला ती खालून समुद्राचं पाणी ओढून घेत आणि मागच्या छोट्या भोकातून बारीक धार सोडत. धार चालू म्हणजे इंजिन ठीक. धार थांबली की लगेच बंद करायचं, नाहीतर तापून जाम. कोळी लोक या धारेला काय म्हणत ते वर्तमानपत्राच्या या पुरवणीत छापता येणार नाही, पण लहान मूल आजारी असलं की डॉक्टर जे पहिल्यांदा विचारतात, तेच ते इंजिनाबद्दल विचारत.

वेसाव्यातली एक मच्छीमार सोसायटी तेव्हा सभासदांसाठी एकदम बरीच इंजिनं घेणार होती. निवाडा हिरू नाखवांच्या हातात. नाखवा म्हणजे मोठ्या होडीचे मालक, आणि सगळा वाडा त्यांचा शब्द मानी. महिनाभर आमची बडबड ऐकून त्यांनी एकच विचारलं, "दोगांचीबी इंजनां झकास हान. पन दर्यान बंद परलं तं मी काय करू?" मग त्यांनी शर्यत लावली. दोघांनी एकेक होडी घ्यायची, खाडीच्या आत वळणापलीकडे जायचं, रोवलेल्या बांबूला वळसा घालून परत यायचं. बरोबर कुणी नाही. मुकुंदासाठी ही ऑर्डर म्हणजे सगळंच होतं. ती गेली तर कंपनी त्याला किनाऱ्यावरून उचलून आतल्या गावांत शेतीचे पंप विकायला पाठवणार होती, आणि समुद्राशिवाय जगणं या मालवणी माणसाला कल्पनेतही जमत नव्हतं.

ओहोटी लागली होती. बांबूला वळसा घालून परतताना, वळणापलीकडेच, तिवरांच्या आडोशाला माझा पंखा बुडालेल्या खुंटावर आपटला आणि पिन तुटली. मुकुंद बराच पुढे होता. मागं बघून तो खो खो हसला, आणि होडी वळवून माझ्याकडे आला. मी म्हटलं, अरे जा ना, शर्यत आहे. "गप रे. तू चिखलात रुतलास तर संध्याकाळी माझ्या स्कूटरवर मागं कोण बसणार?" त्यानं आपली होडी माझ्या होडीला बांधली, आम्ही गाळात ढकलले जाऊ नये म्हणून स्वतःचं इंजिन हळू चालू ठेवलं आणि माझ्या पंख्यावर ओणवा झाला. माझ्याकडे पिन होती, पण वाकडी. त्यानं खिशातून खिळा काढला आणि ठोकायला घेतला. ठोकता ठोकता नवी शिवी जुळवत होता.

मी माझं इंजिन वर उचलून धरलं होतं. समोर त्याचं पांढरं इंजिन. उथळ पाण्यात पंखा गाळ उसळवत होता आणि खालून तोच गाळ आत ओढला जात होता. पाण्याची धार बारीक झाली. मग थेंब थेंब... मग थांबली.

मुकुंदाची पाठ तिकडे होती. मला दिसत होतं.

एक शब्द पुरला असता. मी मनाशी म्हटलं, खिळा बसू दे, मग सांगतो. खिळा बसला. मी सांगितलं नाही. दोर सोडले, दोघं निघालो, आणि वळण गाठायच्या आधीच त्याचं इंजिन घरघरून जाम झालं. त्यानं हात हलवून मला पुढं जायला सांगितलं. हसत होता.

किनाऱ्यावर नाखवांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, माझं बंद पडलं होतं, जागच्या जागी दुरुस्त झालं. त्याचं तापून जाम झालंय, आता कारखान्यातच न्यावं लागेल. यातलं एकही वाक्य खोटं नाही. मुकुंदाला ओढून आणल्यावर त्यानंही दुजोरा दिला. "खरंय नाखवा. ह्याचं दुरुस्त होतं, माझं नाय होत." ऑर्डर मला मिळाली.

पुढं मी स्वतःला बजावत राहिलो की नाखवांनी निळंच घेतलं असतं, दुरुस्तीचा प्रश्न त्यांचाच होता. असेलही. पण पांढरं इंजिन त्या दिवशी आपणहून बंद पडलं नाही, एवढं तरी नोंदवलं पाहिजे. मुकुंद पंप विकायला गेला, मुलुंडला राहायला गेला आणि तिथेही दोस्तांचे अड्डे जमवून मजेत राहिला. माझ्या मुलीच्या लग्नात त्यानं हीच गोष्ट वऱ्हाडाला सांगितली, मला हीरो करून, स्वतःच्या जाम इंजिनाचा आवाज तोंडानं काढून. वऱ्हाडी हसून लोळले. जेवताना मी हळूच विचारलं, समुद्राची आठवण येते का रे? तो म्हणाला, "येते ना," आणि जिलबी मागून घेतली.

शेवटचा भेटलो तो दिवाळीनंतर. सांगायचं ठरवूनच गेलो होतो, वाटेत वाक्यं घोकली होती. त्यानं दार उघडताच निळ्या कंपनीला शिवी दिली, मी पांढऱ्या कंपनीला दिली, स्वातीनं कपाळावर हात मारला, आणि दुपार पत्ते खेळण्यात गेली. त्याला इतकं खुशीत बघून म्हटलं, आज नको. पुढच्या वेळी.

घोकलेली वाक्यं फार मोठी नव्हती. मुकुंदा, तुझी धार थांबलेली मला दिसली होती. तू माझा पंखा दुरुस्त करत होतास आणि मी बघत उभा होतो. तुझा समुद्र माझ्यामुळे गेला. मला माफ कर, मित्रा.