सेकंदाचा पाचवा हिस्सा

देवरीच्या बसथांब्यासमोर मनिराम तीस वर्षांपासून घड्या दुरुस्त करतो. त्याच्या मनगटावर पांढऱ्या तबकडीची साधी घडी असते. काळे ठळक आकडे, दोन काळे काटे. हलत्या बसमधूनही वेळ दिसते.

भातगिरणीचे मालक इंद्रकुमार तिला “मास्तरची घडी” म्हणून हिणवायचे. त्या दुपारी तेच घाबरेघुबरे दुकानात आले. हातात जावयानं रायपूरहून पाठवलेली भारी घडी. मोठ्या तबकडीत तीन लहान तबकड्या, बाजूला दोन बटणं, चंदेरीवर चंदेरी काटे.

“मनिराम, बंद पडली गा! लंबा काटा हालूनच नाही राहिला. चारच्या बसनं जावईबापू पयल्यांदा येऊन राहिले. बंद घडी पायली त का म्हनतील?”

मनिरामनं वरचं बटण दाबलं. काटा डौलात पळू लागला.

“बंद नाही पडली, मालक. हा काटा शर्यत मोजाले हाय. सेकंदाचा पाचवा हिस्साबी सांगते.”

“पाचवा हिस्सा!” इंद्रकुमारांची छाती फुगली. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून ते काटा पळवत राहिले, थांबवत राहिले.

“पन वाजले किती, मालक?”

त्यांनी घडी जवळ नेली, लांब नेली, उन्हात तिरपी धरली. त्या चकचकाटात तासकाटा काही सापडेना. शेवटी त्यांनी चोरून मनिरामच्या मनगटाकडे पाहिलं. साडेचार!

रस्त्यापलीकडे, डोक्यावर रुमाल धरून, जावईबापू अर्ध्या तासापासून उन्हात उभे होते.

मनिरामनं पुन्हा बटण दाबून दिलं.

“पळा आता, मालक. किती सेकंदात पोचता, ते हे घडी बराबर सांगल.”