सरळ पाय म्हणजे किती?

ताईंना रस्त्याने जाताना माणसांचे चेहरे दिसतच नसत. दिसत ते पाय. समोरून ओळखीचं कोण आलं हे तो माणूस शेजारून निघून गेल्यावर कळायचं, पण त्याचा डावा घोटा आत वळतोय आणि उजव्या चपलेची टाच बाहेरून झिजलीय, हे त्या वीस पावलांवरून सांगत. एकदा तर बँकेपासून टपाल कचेरीपर्यंत एका अनोळखी गृहस्थाचा पिच्छा पुरवून त्यांनी त्याला गाठलं आणि विचारलं, "लहानपणी झाडावरून पडला होतात का हो?" गृहस्थ छपरावरून पडला होता. झाड काय आणि छप्पर काय, आपला नेम इतका जवळ लागला या आनंदात ताई दिवसभर होत्या.

त्या फिजिओथेरपिस्ट होत्या. सत्तावीस वर्षं एकाच दवाखान्याच्या तळमजल्यावरच्या एकाच खोलीत. दोन पलंग, भिंतीला ठोकलेली शिडी, रबराचे पट्टे, हात शेकायला मेणाचं भांडं आणि कुठेच न जाणारी एक सायकल. मोडलेली, आखडलेली, ऑपरेशन झालेली माणसं तिथे यायची आणि ताई त्यांना पुन्हा वाकायला, उठायला, चालायला शिकवायच्या. हात कामाला लागले की तोंडही लागायचं. झोपता कुठल्या कुशीवर? खुर्चीची उंची किती? आंघोळीला बसता की उभे? मोजे आधी कुठल्या पायात घालता? घरी नवऱ्याने उत्तरं देणं केव्हाच सोडलं होतं. "तुझ्या एका प्रश्नाला उत्तर दिलं की त्याला पिल्लं होतात," असं तो म्हणे. पण या चौकशांतूनच कितीतरी माणसं बरी झाली होती, हेही खरं. एका शिंपीणबाईंची पाठ औषधांनी दुखायची राहिली नव्हती, ती शिलाई मशीनच्या स्टुलाचे पाय दोन बोटं कापल्यावर राहिली. ते दोन बोटांचं गणित ताईंनीच चौकशी करून काढलं होतं.

अशा ताईंपुढे जिनेवाले मिस्त्री येऊन बसले.

मिस्त्री घरांना लाकडी जिने करून देत. साठीला आलेला, कमी बोलणारा माणूस. एका नव्या घरात काम चालू असताना मालकाला वरच्या मजल्याची खिडकी दाखवून खाली उतरत होते, आणि आपणच अजून न बसवलेल्या शेवटच्या पायरीवर त्यांनी पाय ठेवला. गुडघ्याच्या वाटीचे दोन तुकडे झाले. सर्जनने ते तारेने बांधले, सहा आठवडे पाय सरळ जखडून ठेवला, आणि मग "आता वाकवायला शिका" म्हणून खाली ताईंकडे पाठवलं. पाठवताना एवढं मात्र बजावलं, की ताई सांगतील त्याच्यापुढे वाकवू नका, तार तुटली तर पुन्हा सगळं पहिल्यापासून.

पहिल्या दिवशी ताईंनी आपलं कोनमापक गुडघ्याला लावलं. पारदर्शक प्लास्टिकच्या दोन पट्ट्या आणि मध्ये अंशांची चकती. एक पट्टी मांडीच्या रेषेत, दुसरी पोटरीच्या. त्यांनी वहीत पासष्ट लिहिले. "या आठवड्यात शंभर करून आणायचे." टाच गादीवरून मागे कशी ओढायची, खुर्चीवर बसून पाय खाली कसा दाबायचा, आधी किती शेकायचं, नंतर किती बर्फ लावायचा, सगळं दाखवलं. मिस्त्रींनी नीट ऐकून घेतलं. पट्ट्या त्यांनी एकदा हातात घेऊन पाहिल्या, बिजागरी हलवून पाहिली आणि परत दिल्या.

आठवड्याने मोजले तेव्हा ऐंशी भरले. पासष्टाचे ऐंशी म्हणजे वाईट नव्हे. ताईंचा सत्तावीस वर्षांचा अनुभव असा, की माणसं व्यायामातही घासाघीस करतात. शंभर सांगा, ऐंशी आणतील. तेव्हा जास्त मागावं. "आता एकशे दहा," त्या म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात सत्तर भरले.

ताई चक्रावल्या. सूज नव्हती, ताप नव्हता, जखम छान भरली होती. "व्यायाम केलात का?" तर म्हणे, तीन वेळा, घड्याळ लावून. मांडीचा स्नायू दाबून पाहिला तर खरोखरच काम केलेला स्नायू होता, खोटं बोलणाऱ्याचा नव्हता. ताईंनी हलकेच पाय आणखी वाकवायला घेतला, तर सत्तरावर मिस्त्रींनी सगळा पाय लोखंडासारखा ताठ केला.

"दुखतंय?"

"नाही."

"मग?"

"माप आलं," मिस्त्री म्हणाले.

ताईंना ती बोलण्याची एक तऱ्हा वाटली. त्यांच्या डोक्याला भुंगा लागला होता, तो दुसरीकडेच उडत होता. त्यांनी झोपण्याची कूस विचारली, उशी विचारली, घरात पायऱ्या किती ते विचारलं, पाणी किती पिता ते विचारलं. अर्धा तास संपला, बाहेर पुढचा माणूस खोकायला लागला. दारात मिस्त्री क्षणभर घुटमळले. ताई तोवर खोकणाऱ्याला खोकला कधीपासून आहे ते विचारत होत्या. मग कुबडी सावरत मिस्त्री गेले. जाताना त्यांना नवा आकडा मिळाला होता, एकशे वीस.

तिसऱ्या आठवड्यात साठ भरले.

आता मात्र सर्जन खाली उतरला. वयाने ताईंच्या निम्मा, पण माणूस सरळ. त्याने गुडघा पाहिला, वही पाहिली. "सांधा आखडत चाललाय," तो म्हणाला. "बारा दिवसांनी गुरुवारी मी पुन्हा बघेन. तोवर शंभराच्या आसपास आला तर ठीक, नाहीतर भूल देऊन मी जोराने वाकवणार." मग मिस्त्रींना ऐकू जाणार नाही अशा बेताने ताईंना म्हणाला, "हाड अजून कच्चं आहे. वाटी पुन्हा फुटू शकते. मलाही नकोच आहे ते, पण असाच सोडला तर कायमचा काठीसारखा राहील."

काठीसारख्या पायाने जिना होत नाही. प्रत्येक पायरी गुडघ्यावर बसून ठोकावी लागते. हे ताईंना माहीत होतं, कारण तेही त्यांनी विचारून घेतलं होतं. त्यांना भीती वाटली. त्यांच्या हातात आलेला, सांगितलेलं सगळं ऐकणारा माणूस त्यांच्या डोळ्यांदेखत मागे जात होता, आणि का ते त्यांना कळत नव्हतं. त्या दिवशी त्यांची सगळी रग उतरली. मिस्त्रींच्या शेजारी बसून त्या जवळजवळ विनवणीच्या सुरात म्हणाल्या, "शंभर राहू द्या. नव्वद तरी करा हो."

"करतो की," मिस्त्री म्हणाले.

दोन दिवसांनी नव्वद भरले. एक अंश इकडे नाही की तिकडे नाही.

ताईंनी पुन्हा मोजलं. मग उभ्या राहून मोजलं, मग पलंगाच्या दुसऱ्या बाजूने जाऊन मोजलं. साठाचे नव्वद दोन दिवसांत होत नाहीत. आखडलेला सांधा असा मागितल्यावर सुटत नाही. आणि सुटला, तर तो बरोबर मागितलेल्या आकड्यावर का थांबतो? सत्तावीस वर्षांत असला गुडघा पाहिला नव्हता, आणि खरं सांगायचं तर भीती बाजूला सारून त्यांची उत्सुकताच उड्या मारायला लागली. "मिस्त्री," त्या म्हणाल्या, "आज संध्याकाळी मी तुमच्या घरी येणार. तुम्ही व्यायाम कसा करता ते मला बघायचंय."

मिस्त्रींचं घर तळमजल्यावर होतं, मागच्या खोलीत त्यांचं काम. त्यांच्या बायकोने दार उघडलं, ताईंना बसवलं, पाणी दिलं आणि कंबरेला पदर खोचून म्हणाली, "चला हो, तयार व्हा. ताई आल्यात म्हणून सूट नाही."

मिस्त्री सतरंजीवर बसले. टाच मागे ओढायला लागले, कपाळावर घाम आला, ओठ दाबून धरले, पण थांबले नाहीत. त्यांची बायको समोर गुडघ्यावर बसली. तिच्या हातात लाकडाचा एक जाडसर त्रिकोणी तुकडा होता, छान घासून गुळगुळीत केलेला, कडांना जुन्या चादरीची पट्टी चिकटवलेली. पाय वाकत आला तसा तिने तो तुकडा गुडघ्याच्या मागे सरकवला. मांडी आणि पोटरी दोन्ही बाजूंनी त्याला टेकली.

"बास!" ती ओरडली. "माप आलं!"

मिस्त्री तिथेच थांबले. केसभरही पुढे गेले नाहीत.

"वहिनी," ताई म्हणाल्या, "हे काय आहे?"

"फर्मा. तुम्ही आकडा दिलात की हे त्या कोनाचा फर्मा कापतात. तुम्ही सांगाल त्याच्यापुढे जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय ना. मी डोळ्यांत तेल घालून बघते. एकदासुद्धा पुढे जाऊ दिलं नाही." तिच्या आवाजात इतका अभिमान होता, की ताईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

खिडकीत आणखी तीन फर्मे ओळीने ठेवले होते. प्रत्येकावर शिसपेन्सिलीने सुबक आकडा. १००, ११०, १२०. ताईंनी एकशे वीसचा उचलला. तो इतका पसरट होता, की त्यावर ठेवलेला पाय जेमतेमच वाकला असता. त्यांनी पिशवीतून कोनमापक काढलं आणि पट्ट्या त्या लाकडाच्या कडांवर ठेवल्या.

चकतीवर साठ.

एकशे दहाच्या फर्म्यावर सत्तर. शंभराच्या फर्म्यावर ऐंशी.

ताई मिस्त्रींसमोर सतरंजीवर बसल्या. "मिस्त्री," त्यांनी विचारलं, "सरळ पाय म्हणजे किती?"

"एकशे ऐंशी," मिस्त्री म्हणाले. हा काय प्रश्न झाला, असा चेहरा. "सरळ पट्टी एकशे ऐंशीच असते."

"आमच्यात सरळ पाय म्हणजे शून्य. शून्यापासून वाकवत जायचं. वाकेल तितका आकडा मोठा."

 मिस्त्रींनी फर्मा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. त्यांची बायको एकदा नवऱ्याकडे आणि एकदा ताईंकडे बघत होती. म्हणजे ताईंनी जितकं जास्त मागितलं, तितका मिस्त्रींनी पाय सैल सोडला होता, मोठ्या कष्टाने आणि अंशाचीही चूक न करता. ताईंनी हार मानून नव्वद मागितले तेव्हाच काय तो मेळ बसला, कारण नव्वद दोघांच्या मोजणीत एकाच जागी येतात.

"मला वाटलं, तुम्ही पायाला जरा आराम देताय," मिस्त्री म्हणाले. "मग म्हटलं, फारच आराम देताय. पण माप देणारा माणूस वेगळा, कापणारा वेगळा. मी मापाशी वाद घालत नाही."

ताईंनी कपाळावर हात मारून घेतला. स्वतःची इतकी लाज त्यांना बऱ्याच वर्षांत वाटली नव्हती. पण गुरुवार दहा दिवसांवर होता आणि लाजत बसायला वेळ नव्हता. त्यांनी शिसपेन्सिल मागून घेतली आणि तिथल्या तिथे नव्या फर्म्यांचे आकडे लिहून दिले, मिस्त्रींच्या भाषेत. पंच्याऐंशी. ब्याऐंशी. ऐंशी. आकडे उतरत जाणार आणि पाय वाकत जाणार. "आणि वहिनी, आता पहारा उलटा. माप येईपर्यंत सोडायचं नाही."

ते दहा दिवस सोपे गेले नाहीत. साठवर अडवून धरलेला गुडघा आता खरोखरच कुरकुरायला लागला होता. एका सकाळी मिस्त्रींनी पलंगाची कड इतकी घट्ट धरली की रेक्झीन फाटलं. ताई शेकत, वाटी बोटांनी हळूहळू सरकवत, पोटरीमागचा स्नायू सैल करत, आणि मग दोन अंशांसाठी पाव तास खपत. चौऱ्याण्णव झाले. पंच्याण्णव झाले, दुसऱ्या दिवशी परत त्र्याण्णव. बुधवारी सत्त्याण्णव. ताईंना त्या दिवशी जेवण गेलं नाही, आणि नवऱ्याने आपणहून विचारलं, "गुडघा कितीवर?"

गुरुवारी सर्जनने स्वतः मोजलं. "अठ्ठ्याण्णव." त्याने वहीतले आकडे वरपासून खालपर्यंत वाचले. "चढतोय. शंभर नाहीत, पण चढणाऱ्या गुडघ्याला मी हात लावणार नाही. चालू ठेवा." आणि तो वर निघून गेला.

ताईंचा जीव भांड्यात पडला. मिस्त्रींच्या बायकोने पदराने डोळे पुसले आणि रिक्षा बघायला बाहेर गेली. खोलीत दोघंच उरली. दहा दिवस तोंडाशी आलेला प्रश्न ताईंनी आता विचारला.

"मिस्त्री, तुम्हाला ते विचित्र वाटत होतं, तर मला एकदा विचारलं का नाही?"

मिस्त्री बुटाची नाडी बांधत होते. त्यांच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. "विचारणार होतो, ताई. दर वेळी ठरवून यायचो. पण तुमचे प्रश्न संपेपर्यंत माझी वेळ संपायची."

ताईंनी हातातलं कोनमापक बाजूला ठेवलं. चौकशी हीच आपली विद्या, असं त्या सत्तावीस वर्षं समजत आल्या होत्या. या खोलीत येऊन गेलेली किती माणसं दारात अशीच क्षणभर घुटमळली असतील, याचा हिशोब त्यांना लागेना. वहीत कितीजणांपुढे त्यांनी 'घाबरट' लिहिलं होतं, 'आळशी' लिहिलं होतं. त्यांनी स्टूल ओढलं, मिस्त्रींच्या समोर बसल्या आणि बाहेर पुढचा माणूस खोकत होता, त्याला खोकू दिलं.

"विचारा," त्या म्हणाल्या.

मिस्त्रींनी नाडीची गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. "मला परत गुडघ्यावर बसून काम करता येईल का?"

"येईल," ताई म्हणाल्या. "पूर्वीसारखं दिवसभर नाही. खाली जाड गादी घ्यायची, अर्ध्या तासाने उठायचं. पण येईल. चार महिन्यांत याल कामावर." आणि मग, न राहवून, खरं ते बोलून गेल्या. "हे मी तुम्हाला पहिल्या दिवशीच सांगू शकले असते."

मिस्त्रींनी नाडी हातातून सोडली.

"मी हत्यारं भाच्याला देऊन टाकलीत," ते म्हणाले. "आज दुपारी टेम्पो घेऊन यायचाय तो."

ताईंनी खिशातून आपला फोन काढून त्यांच्या हातात दिला. "नंबर पाठ आहे का?"