सावकाश उतरणारं द्रावण

लेकीने नेलपॉलिश पुसायला बाटली उघडली आणि अ‍ॅसिटोनच्या वासासरशी मी जालन्याच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत जाऊन पोचले. आम्ही नळ्या त्यानेच धुवायचो. एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष होतं. काचेच्या बारीक नळीतून डीएनएचं द्रावण खाली उतरत होतं. रेणू जितका लांब, तितकं द्रावण दाट आणि उतरायला सावकाश. त्या वेळेवरून मी त्याची लांबी काढत होते.

तेवढ्यात टेंभुर्णीहून दादा आला आणि दारातच उभा राहिला. "चल जल्दी. संध्याकाळी पाव्हणे येऊन राह्यले तुला बघायला."

"मला न्हाई यायचं."

"तुला कोण विचारून राह्यलंय? बापूंनी सांगितलंय."

माझ्या मागे भिंत होती, दारात तो. नळीवरची नजर हलवली असती तर रडू फुटलं असतं. दादा जवळ आला, नळीकडे बघत राहिला, मग स्टूल ओढून बसला. "हे होऊ दे पुरं. यष्टी चुकली म्हणतो मी."

यष्टी चुकली, लग्न काही चुकलं नाही. तेव्हा तो मला पहारेकरी वाटला होता. आज कळतं, उशिरा घरी जाऊन वडिलांना, बापूंना, तोंड द्यायची त्याला माझ्याहून जास्त भीती होती, आणि तरी तो बसला.